फेरीवाल्यांचा हिशेब अजून बाकी आहे

पथारीवाल्याच्या वर्षाचा कणा म्हणजे रमजानचा महिना. शाबानमध्ये माल भरायचा, रमजानच्या रात्री तो विकायचा, चांदरातीला घाऊक व्यापाऱ्याची उधारी चुकती करायची आणि उरेल त्यावर पुढचे महिने काढायचे, हा आमच्या बाजारातील जुना हिशेब आहे. मुंबईतील मुहम्मद अली रोड, नळबाजार व कुर्ला घ्या, नाहीतर मुंब्रा, भिवंडी व मालेगाव घ्या. टोप्या, अत्तर, सुरमा, खजूर, शेवया, लहान मुलांचे कपडे, चपला, बांगड्या, फळे, भजी, फालुदा अशी मालाची यादी कितीही लांबवता येईल. हिशेब मात्र सगळीकडे हाच असतो.

हा हिशेब लागोपाठ दोन वर्षे मोडला. २४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि २५ मार्चपासून ती लागू झाली. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि ईद २५ मे रोजी आली. म्हणजे अख्खा महिना टाळेबंदीत गेला. ज्यांनी हंगामासाठी आधीच माल भरून ठेवला होता, त्यांचा माल घरातल्या खाटेखाली आणि पोटमाळ्यावर पडून राहिला.

पुढच्या वर्षीचा योगायोग त्याहून वाईट होता. १४ एप्रिल २०२१ रोजी पहिला रोजा होता आणि त्याच दिवशी रात्री आठपासून महाराष्ट्रात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध सुरू झाले. रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांना सकाळी सात ते रात्री आठ या वेळेत फक्त पार्सल देण्याची मुभा होती. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सकाळची वडापावची गाडी असावी. रमजानमध्ये इफ्तारच सातच्या सुमारास होतो आणि खरे गिऱ्हाईक तरावीहनंतर बाहेर पडते. सकाळी सातपासून दिलेली ती परवानगी रोजेदारांच्या मोहल्ल्यातील गाडीवाल्याच्या काय कामाची होती? दुसरा हंगामही गेला. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले, तेव्हा कुठे मिनारा मशिदीच्या गल्लीत पूर्वीसारखे दिवे लागले.

आता त्याला काही वर्षे झाली. बाजार भरतात, गर्दी होते, रस्त्यावरून चालायला जागा नसते. हे सर्व पाहून पुष्कळांचा असा समज होतो की, फेरीवाला पुन्हा उभा राहिला. आमचे मत थोडे वेगळे आहे. गाडी उभी राहिली हे खरे. पण त्या गाडीवरचा माल पूर्वी विक्रेत्याच्या स्वतःच्या पैशाचा होता आणि आता तो दुसऱ्याच्या पैशाचा आहे, असे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांची संख्या लहान नाही. गर्दीत हा फरक दिसत नाही. म्हणून हा विषय आज पुन्हा काढत आहोत.

भांडवल कसे संपते

फेरीवाल्याचे नुकसान मोजताना सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत 'रोजंदारी बुडाली' असा शब्दप्रयोग येतो. मजुराच्या बाबतीत तो ठीक आहे. फेरीवाला मात्र मजूर नाही, तो व्यापारी आहे, मग त्याचे दुकान चार फुटांचे का असेना. काम बंद झाले की मजुराची मजुरी जाते. व्यापाऱ्याचे काम बंद झाले की आधी नफा जातो आणि मग मुद्दल जाते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, फळाच्या गाडीवाल्याकडे दहा हजार रुपयांचे भांडवल आहे. त्यातून तो रोज पहाटे बाजारातून माल उचलतो, दिवसभर विकतो, संध्याकाळी मालाचे पैसे वेगळे ठेवतो आणि उरलेल्या चारपाचशे रुपयांत घर चालवतो. गाडीचे भाडे, टेम्पोचा वाटा, सडलेला माल आणि कोणाकोणाच्या हातावर ठेवावे लागणारे पैसे त्याआधीच गेलेले असतात. आता विक्री बंद झाली. घरखर्च रोज ४०० रुपये धरला तर दहा हजार रुपये बरोबर २५ दिवस पुरतात. २५ मार्च ते ३१ मे २०२० ही पहिली टाळेबंदी ६८ दिवसांची होती. त्या दिवसांचा खर्च होतो २७,२०० रुपये. म्हणजे भांडवल तर संपलेच, शिवाय सतरा हजारांचे देणे डोक्यावर बसले. यात औषधपाणी नाही, खोलीचे भाडे नाही आणि गावी परतण्याचे ट्रकचे भाडेही नाही.

आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. ज्याचे भांडवल पाच हजार, तो तेरा दिवसांत संपला. ज्याचे पन्नास हजार, तो तगला, इतकाच फरक.

कपडे, खेळणी, चपला, कटलरी विकणाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे होते. टाळेबंदीत भाजी आणि फळे जीवनावश्यक ठरली, बाकीचा माल ठरला नाही. साहजिकच अनेकांनी जुना धंदा बाजूला ठेवला आणि भाजीची पाटी घेतली. काल घड्याळे विकणारा आज कांदे-बटाटे विकू लागला. एकाच गल्लीत पूर्वी दोन भाजीवाले होते तिथे सहा झाले. भाजीची पारख वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. नवख्याचा माल दुपारपर्यंत मान टाकतो. त्यात बाजारही धड चालू नव्हते. मे २०२० मध्ये करोनाचे रुग्ण वाढल्यामुळे वाशीचा घाऊक बाजार सुमारे आठवडाभर बंद ठेवावा लागला. एप्रिल २०२० मध्ये मुंबई महापालिकेने प्रतिबंधित क्षेत्रांत भाजी व फळांच्या फेरीवाल्यांनाही मनाई केली होती, आणि दाट वस्तीचे आमचे मोहल्ले बहुतेक प्रतिबंधित क्षेत्रातच येत होते.

लोकलगाडीचाही विचार करावा लागतो. मुंबईची लोकल २३ मार्च २०२० पासून बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, पण सर्वसामान्य पुरुष प्रवाशांना ठरावीक वेळेत का होईना, तिच्यात चढता आले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना परवानगी मिळाली. ज्याचे घर नालासोपाऱ्याला किंवा मुंब्र्याला, माल मस्जिद बंदरला आणि विक्रीची जागा दादरला, त्याचा धंदा लोकलच्या पासावर उभा असतो. बाजार उघडल्यानंतरही हा माणूस महिनोन्‌महिने आपल्या जागेवर पोहोचू शकला नाही. पोहोचला तेव्हा त्या जागेवर दुसरा कोणी बसलेला होता. फुटपाथवरच्या जागेचा सातबारा नसतो. तिथे रोज बसणे हाच तिचा ताबा असतो.

आठवडे बाजारातले बागवान, मन्यार, अत्तार

शहराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. तालुक्याच्या बाजारपेठेतील आमच्या बांधवांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बागवान फळे व भाजी विकतात, मन्यार बांगड्या भरतात, अत्तार अत्तर-सुरमा आणि बारीकसारीक मसाल्याच्या पुड्या विकतात, तांबोळी पाने लावतात, पिंजारी कापूस पिंजून गाद्या-रजया करून देतात. महाराष्ट्रातील या बिरादऱ्यांची नावेच मुळी धंद्यावरून पडली आहेत. यांतील पुष्कळांचे दुकान नसते. सोमवारी एका गावाचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या गावाचा, असा त्यांचा आठवडा बांधलेला असतो.

राज्यातील आठवडे बाजारांना पुन्हा परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. म्हणजे जवळजवळ सात महिने या लोकांना बसायला जागाच नव्हती. जत्रा बंद, उरूस बंद. लग्ने मोजक्या माणसांत उरकली गेली, तेव्हा मन्यारांच्या हातातील लग्नसराई गेली. बांगडी भरणे म्हणजे तर गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन करायचे काम, आणि साथीच्या दिवसांत पहिली भीती स्पर्शाचीच होती. आषाढीची पायी वारी २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नेहमीसारखी निघाली नाही. वारीच्या वाटेवर पाले टाकून बसणाऱ्या छोट्या विक्रेत्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असतात. त्यांचाही हंगाम बुडाला. २०२० च्या बकरी ईदला सरकारने जनावरांचे बाजार बंद ठेवून ऑनलाइन किंवा फोनवरून खरेदी करण्याचे आवाहन केले. वर्षभर दोन-चार बोकड पोसून देवनारला नेणाऱ्या माणसाने ते ऑनलाइन कसे विकायचे, हे मात्र आवाहनात नव्हते.

आणखी एक गोष्ट कडवट असली तरी या पानावर तिची नोंद असायला हवी, कारण तिचा संबंध थेट धंद्याशी आहे. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे प्रकरण गाजले आणि मुसलमान भाजीवाला म्हणजे रोगाचा वाहक, असा प्रचार देशभर पसरला. नाव विचारून माल नाकारण्याचे, सोसायटीच्या फाटकातून परत पाठवण्याचे प्रकार ठिकठिकाणी घडले आणि वर्तमानपत्रांत छापूनही आले. उत्तर प्रदेशातील एका आमदाराने मुसलमानांकडून भाजी घेऊ नका असे उघड सांगितले. त्याच्या पक्षाला त्याच्याकडून खुलासा मागवावा लागला. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेले असावे, असे निरीक्षण नोंदवले. न्याय मिळाला. पण दहा-पंधरा वर्षे रोज सकाळी 'ताई, कोथिंबीर ताजी आहे' म्हणून जोडलेली दारे ज्याच्यासाठी बंद झाली, त्याला ती न्यायालयाच्या निकालाने उघडून मिळत नाहीत. बांधलेले गिऱ्हाईक हेही भांडवलच असते. काही ठिकाणी शेजारच्या हिंदू विक्रेत्यांनी आपल्या मुसलमान जोडीदाराचा माल स्वतःच्या गाडीवर ठेवून विकून दिला. हेही बाजाराने पाहिले आहे आणि तेही इथे नोंदवले पाहिजे.

मदत आली, पण कागदाच्या वाटेने

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले. महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने पाचशे-पाचशे रुपये जमा झाले. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली.

या शेवटच्या सवलतीकडे जरा बारकाईने पाहा. ती बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जांना होती. फेरीवाल्याचे कर्ज असते रोज संध्याकाळी डायरी घेऊन येणाऱ्या माणसाकडे. त्याची पद्धत व्यापारी बांधवांना माहीत आहे : दहा हजारांचे कर्ज सांगायचे, हजार आधीच कापून नऊ हजार हातावर ठेवायचे आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये वसूल करायचे. वरवर पाहता हे शेकडा दहा वाटते. पण मुद्दल रोज फिटत जाते, त्यामुळे सरासरी साडेचार हजार रुपयेच शंभर दिवस वापरायला मिळतात आणि त्यावर हजार रुपये द्यावे लागतात. वर्षाचा दर काढला तर तो शेकडा ऐंशीच्या घरात जातो. या डायरीला कोणत्याही बँकेची सवलत लागू नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर करताना मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यातील ५ लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याची घोषणा केली. वरच्या हिशेबाने ही रक्कम चार दिवसांपेक्षा कमी खर्चाची झाली. पण ती रक्कम बाजूला ठेवू. त्या वाक्यातला खरा शब्द 'नोंदणीकृत' हा आहे.

नोंदणीची स्थिती काय होती? संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १ मे २०१४ पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात फेरीवाल्यांचे सर्वेक्षण व्हायचे, ते दर पाच वर्षांनी पुन्हा व्हायचे, पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळायचे आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर. प्रत्यक्षात २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले सुमारे ९९ हजार. आणि या कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीची निवडणूक मुंबईत २९ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी झाली, तेव्हा मतदार यादीत नावे होती सुमारे ३२ हजार. साथ आली तेव्हा मुंबईच्या बहुसंख्य फेरीवाल्यांच्या हातात आपण फेरीवाले आहोत असे सांगणारा एकही पक्का कागद नव्हता. पालिकेच्या दंडाच्या पावत्या मात्र पुष्कळांकडे होत्या.

येथे थोडे जुने आठवते. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण आढळला आणि लोक शहर सोडून पळू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्बंध लावताना हाच कायदा लागू केला. मुळात अवघ्या चार कलमांचा असलेला तो कायदा सरकारला बंदीचे मोठे अधिकार देतो. त्यात भरपाईचा उल्लेखही आहे, पण 'काही असल्यास' अशा पुस्तीसह. सव्वाशे वर्षांत ती पुस्ती कोणी खोडली नाही.

स्वनिधी आणि व्याजाचा प्रश्न

केंद्र सरकारची 'पीएम स्वनिधी' योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्यापूर्वी रस्त्यावर विक्री करणाऱ्यांना वर्षभरासाठी १० हजारांचे विनातारण कर्ज, वेळेवर फेडल्यास व्याजावर ७ टक्के अनुदान, पुढे २० हजार आणि नंतर ५० हजारांचे कर्ज, अशी तिची रचना होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिला हप्ता १५ हजार व दुसरा २५ हजार केला. जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाखांवर विक्रेत्यांना ९६ लाख कर्जे मिळून सुमारे १३,८०० कोटी रुपये दिले गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. ही योजना कागदावरच राहिली असे कोणी म्हणू नये.

तरी ते कर्जच आहे. ज्याचे दहा हजार रुपये सरकारी आदेशाने घरी बसून संपले, त्याला त्याचेच दहा हजार व्याजाने परत घ्यायला सांगितले गेले. हा व्यवहार आम्हाला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

आमच्या वाचकांपुढे दुसरी अडचण आहे ती व्याजाची. पुष्कळ बांधव व्याज नको म्हणून या योजनेकडे फिरकले नाहीत. ज्याचा त्याने आपल्या उलेमांना विचारून निर्णय करावा. तो अधिकार आमचा नाही. मात्र एक गोष्ट बाजारात उघड दिसते. बँकेचे व्याज नको म्हणणारे काही जण संध्याकाळच्या डायरीवाल्याकडून शेकडा ऐंशीने पैसे उचलतात आणि त्याला व्याज न म्हणता 'कमिशन' म्हणतात. नाव बदलल्याने वसुली बदलत नाही.

याबाबतीत जमातीकडे बोट दाखवल्यावाचून राहवत नाही. त्या दोन वर्षांत मशिदी, जमाती आणि मोहल्ल्यातील तरुणांनी धान्याची पाकिटे घरोघर पोहोचवली. कोणाचे नाव-गाव न विचारता पोहोचवली. त्या कामाला तोड नाही. पण धान्य महिन्याने संपते आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. २०१९ च्या ईदला आपल्या घरचा फितरा स्वतः काढणारा गाडीवाला २०२० मध्ये फितरा घेणाऱ्यांच्या यादीत गेला. त्याला त्या यादीतून बाहेर काढायला गव्हाचे पोते पुरेसे नव्हते, पाच-दहा हजारांचे भांडवल हवे होते. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेल्या माणसाचा समावेश आहे, हे आपण सर्व जाणतो. तरीही आमच्या जकातीचा मोठा भाग पाकिटे आणि पावत्यांत विखुरतो, आणि डायरीवाल्याच्या तावडीतून माणूस सोडवण्यासाठी एकरकमी पैसे देण्याचे काम फार थोड्या ठिकाणी होते. कर्जे हसनाचे तेच. मोहल्ल्यातील वीस घाऊक व्यापाऱ्यांनी प्रत्येकी पंचवीस हजार बाजूला ठेवले तर पाच लाख होतात. दहा हजारांप्रमाणे पन्नास गाड्या त्यावर उभ्या राहतात आणि रोज शंभर रुपयांनी शंभर दिवसांत, एक पैसा जास्त न घेता, ते पैसे परत येतात. वसुलीची पद्धत डायरीवाल्याचीच आहे, फक्त हजार रुपये कापायचे नाहीत. घाऊक व्यापाऱ्याचेही यात हित आहे. त्याचा माल शेवटी याच गाड्यांवरून खपतो, आणि २०२० ची उधारी ज्यांची बुडाली, ती गाडीवाल्याच्या हाती भांडवल उरले नाही म्हणूनच बुडाली.

कागद करून ठेवा

२०१४ च्या कायद्याखालील सर्वेक्षण आणि विक्री प्रमाणपत्र यांचा कर्जाशी संबंध नाही. कर्ज घ्यायचे नसले तरी नोंदणी करता येते आणि ती करावी. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवू नये, असे कलम ३ मध्ये आहे. सर्वेक्षणात नाव नसेल तर स्वनिधी योजनेत पालिकेकडून शिफारस पत्र घेण्याची सोय आहे. त्यासाठी फेरीवाला संघटनेचे सदस्यत्व किंवा विक्रीचा दुसरा कोणताही पुरावा चालतो. काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज करून स्थानिक चौकशीची मागणी करता येते. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत शिफारस पत्र द्यावे असे योजनेचे नियम सांगतात. पालिकेच्या दंडाच्या जुन्या पावत्या फाडून टाकू नका. अमुक तारखेला अमुक ठिकाणी आपण विक्री करत होतो, हे पालिकेनेच त्यांत लिहून दिलेले असते.

माल जप्त झाला तर मालाची यादी मागून घ्या. कलम १९ प्रमाणे नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत, शुल्क भरून परत मिळायला हवा. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांत अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे कायद्यातच लिहिले आहे. तुमच्या शहरात ही समिती कधी बसली आणि तिच्यावर आपल्यापैकी कोण आहे, याची चौकशी केलेली बरी.

शेवटी ज्या घरांनी या साथीत कमावता माणूस गमावला त्यांच्यासाठी. विक्री प्रमाणपत्र असलेला विक्रेता मरण पावला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी असला तर त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याची पत्नी किंवा पती, अथवा त्याच्यावर अवलंबून असलेले मूल त्या जागी विक्री करू शकते. पुष्कळ विधवा भगिनींना ही तरतूद माहीत नसते आणि जागा दुसऱ्याच्या हाती जाते. मुदत संपलेली असेल तर नव्या सर्वेक्षणात स्वतःच्या नावाने नोंद मागावी. मृत्यूचा दाखला, पतीच्या प्रमाणपत्राची किंवा पावतीची नक्कल आणि आधारकार्ड जोडून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का व सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.